आवाज वाढला म्हणजे पिकअप वाढलं असं नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पुरवणीत मागे गाडीचं पिकअप वाढवायच्या टिप्स आल्या होत्या, त्यात एक अशी होती की कंपनीने दिलेला एअर फिल्टरचा डबा काढून टाका आणि उघडा कोन फिल्टर (शंकूच्या आकाराचा, डब्याशिवायचा) लावा, इंजिन मोकळं होतं. हा उद्योग मी स्वतः करून बसलोय, म्हणून राहवेना.

आता मुद्दा मुळात खोटा नाहीये. १ किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, म्हणजे हवा जास्त आत गेली तर पेट्रोल जास्त जाळता येतं आणि ताकद वाढते. १२०० सीसीचं साधं फोर स्ट्रोक इंजिन ६००० आरपीएमला मिनिटाला जवळपास ३६०० लिटर हवा ओढू शकतं. पण हे सगळं पाय पूर्ण दाबल्यावर! रोज आपण चालवतो पाव नाहीतर अर्ध्या थ्रॉटलवर, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर तेवढाच दाबून, आणि तेव्हा हवा अडते ती थ्रॉटलच्या झडपेपाशी, फिल्टरपाशी नाहीच. फिल्टर धुळीने गच्च भरलेला असेल तर गोष्ट वेगळी, पण मग त्याला नवा फिल्टर पुरतो, मॉडिफिकेशन कशाला.

माझ्या गाडीत कोन फिल्टर बसवला तो बॉनेटखाली उघडाच, इंजिनाच्या शेजारी. पहिल्या दिवशी काय खूश होतो मी, रेस दिली की असा घूंऽऽ आवाज यायचा की वाटायचं गाडी उडतेय. मग एका मित्राने स्कॅनर लावून इनटेकचं, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचं, तापमान दाखवलं. बाहेर ३२ अंश, आणि ट्रॅफिकमध्ये पाच मिनिटं उभं राहिल्यावर इनटेकमध्ये ५९! गरम हवा विरळ असते हो, ३० अंशाची हवा ६० वर गेली की तेवढ्याच जागेत साधारण ९ टक्के कमी मावते. म्हणजे फिल्टर मोकळा करून जे काही थोडंफार मिळालं असेल ते तिथेच गेलं. कंपनीचा तो बोजड काळा डबा आणि पुढे जाळीपर्यंत गेलेली त्याची नळी बाहेरची गार हवा आणायलाच असते, हे तेव्हा डोक्यात शिरलं. आणि तो डबा आवाजही गिळतो, म्हणून काढला की गाडी जोरात पळतेय असं कानाला वाटतं. आम्ही त्याच रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये ४० ते ८० स्टॉपवॉच लावून जाता येता तीन तीन वेळा बघितलं, डबा लावून आणि काढून. फरक हाताला लागेल असा नव्हताच.

खरा धक्का पुढे बसला. काही महिन्यांनी फिल्टरकडून इंजिनाकडे जाणारी नळी काढली आणि आतून बोट फिरवलं तर बोटाला बारीक कचकच लागली, रेतीसारखी. ही धूळ थेट सिलिंडरात जाते, तिथे पॉलिश पेपरसारखी पिस्टनच्या रिंगा घासते, मग गाडी ऑइल खायला लागते आणि मागून निळा धूर. त्यात कोन फिल्टरला तेल लावायचं असतं, ते मी हौसेने जरा जास्तच लावलं, ते उडून हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या तारेवर बसलं. तार चुकीचं सांगणार, कॉम्प्युटर चुकीचं पेट्रोल सोडणार, गाडी झटके मारणार आणि इंजिनचा दिवा लागणार. बसवून देणारा म्हणाला सेन्सर बदला. बदलायची गरजच नव्हती, त्या सेन्सरसाठी मिळतो त्या स्प्रेने साफ केल्यावर दिवा गेला.

कार्बोरेटरवाल्या बाइकचं तर आणखी नाजूक. तिथे चूक सावरायला कॉम्प्युटर नाही, नुसता फिल्टर मोकळा केला आणि मेन जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) तोच ठेवला तर मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, इंजिन तापतं आणि शेवटी पिस्टन जातो. पोरं हे करतात आणि मग म्हणतात कंपनीचं इंजिनच कच्चं.

आणि गार हवेसाठी नळी खाली बंपरमागे नेणारे पण आहेत, ती कल्पना गरम हवेपेक्षा नक्कीच बरी, पण साचलेल्या पाण्यात गाडी घातली की ती नळी पाणी ओढते. पाणी काही हवेसारखं दाबलं जात नाही, पिस्टन वर येतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो, की इंजिन उघडलंच म्हणून समजा.

ज्यांना रेसिंग करायचंय, टर्बो आहे, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) ट्यून करून डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर) गाडी चढवून मोजणार आहेत, त्यांनी खुशाल करावं, तिथे इनटेकचा उपयोग होतो. पण तुमच्या टिपेत ट्यूनिंगचा शब्द नव्हता, धुळीचा नव्हता, पाण्याचा तर नव्हताच. पुढच्या वेळी निदान हे तीन छापा. माझा जुना डबा सुदैवाने माळ्यावर होता, दोन क्लिपा आणि एक स्क्रू, अर्ध्या तासात परत बसला.

आपला,
एक नियमित वाचक