तोंड आलं म्हणून तीन महिने बी-कॉम्प्लेक्सच खाल्लं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्याकडे तोंड आलं की एकच निदान, उष्णता वाढली. मग सब्जा, गुलकंद, बी-कॉम्प्लेक्स. आमच्या वहिनीचंही तेच झालं, हिवाळ्यात तोंडात सोलल्यासारख्या जखमा झाल्या, घरात सगळे कळण्याची भाकरी आणि भरीत हाणताय आणि ती बिचारी दूधभात, तोही गार करून. तीन महिने असेच गेले, एकाने तर दाढ काढा म्हणून सांगितलं. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी पाठीवर, छातीवर फोड उठले, पाण्याने भरलेले पण ढिले, हात लागला की फुटायचे आणि खाली लालभडक ओलं.

मग ठरलं, नागीण. गेरू लावला, उतरवून घेतलं. अहो नागीण बहुतेक वेळा एकाच बाजूला पट्ट्यासारखी उठते आणि काही आठवड्यांत बसते, ही दोन्हीकडे होती, तोंडातही होती, पण एवढा विचार कोण करतो! बिबड्या (ज्वारीचे पापड) करायला बायका जमल्या तर हिला लांब बसवलं, लागेल म्हणून. ते तिला फोडांपेक्षा जास्त लागलं.

शेवटी कातडीच्या डॉक्टरांनी आधी तोंड उघडायला लावलं आणि लगेच नाव घेतलं, पेम्फिगस. फोडाशेजारची चांगली दिसणारी कातडी बोटाने दाबून सरकवली तर उकडलेल्या बटाट्याचं साल निघावं तशी निघाली, त्याला निकोल्स्कीची खूण म्हणतात. कातडीच्या पेशी एकमेकींना धरून ठेवणारं डेस्मोग्लिन नावाचं प्रोटीन असतं, त्याच्यावरच आपल्या शरीराची प्रतिकारशक्ती उठते. विटा शाबूत पण मधला माल गेला, असं. म्हणजे बाहेरून आलेला जंतू नाही, कोणाला लागायचा प्रश्नच नाही.

खात्रीसाठी बायोप्सी करतात आणि इथे एक गोष्ट सांगतोच. तुकडे दोन लागतात, एक ताज्या फोडाच्या कडेचा आणि दुसरा फोडाजवळच्या चांगल्या कातडीचा, इम्युनोफ्लुरोसन्स टेस्टसाठी, म्हणजे प्रतिकारशक्तीचा हल्ला कातडीत कुठे झालाय ते चमकवून दाखवणारी टेस्ट. हा दुसरा फॉर्मेलिनमध्ये (तुकडे टिकवायच्या नेहमीच्या द्रवात) टाकला की त्या टेस्टला वाया जातो. आमचा एका ठिकाणी नेमका त्यातच टाकला (नाव घेत नाही), परत कापावं लागलं.

म्हाताऱ्या माणसांत याचाच भाऊबंद असतो, बुलस पेम्फिगॉइड. त्यात कधीकधी महिनोन् महिने नुसती खाज, मग टणक फुगलेले फोड, तोंड बहुधा वाचतं. शुगरच्या ग्लिप्टिन गटातल्या गोळ्यांशी त्याचा संबंध दिसलाय, विल्डाग्लिप्टिन त्यातलीच, म्हणून गोळ्यांचं पाकीट डॉक्टरांना दाखवा, पण आपल्या मनाने बंद करू नका.

बंद करण्यावरून आठवलं. पेम्फिगसला मुख्य औषध स्टिरॉइड, आणि स्टिरॉइड म्हटलं की गावात प्रत्येकजण डॉक्टर. चेहरा सुजला म्हणून वहिनीने वीस दिवसांत गोळ्या एकदम सोडल्या आणि फोड दुप्पट आले. जास्त दिवस चाललेलं स्टिरॉइड एकदम तोडलं तर माणूस कोसळूही शकतो, ते डॉक्टरच हळूहळू उतरवतात. शुगर वाढते, हाडं ठिसूळ होतात, हे खरंय, त्यासाठी वेगळी काळजी घेतात, पण 1950 च्या आसपास स्टिरॉइड आलं त्याआधी हे रोगी बहुतेक दगावायचे, हेही खरंय. दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. जे. एस. पसरीचा यांनी 1980 च्या दशकात पल्स थेरपी सुरू केली, महिन्यातून तीन दिवस सलाइनमधून स्टिरॉइडचा मोठा डोस, ती देशभर वापरली गेली. आता रिटुक्सिमॅब आहे, प्रतिकारशक्तीच्या ठराविक पेशी कमी करणारं, सलाइनमधून द्यायचं औषध, अमेरिकेत पेम्फिगससाठी 2018 मध्ये त्याला मान्यता मिळाली. वहिनीला त्याचे पंधरा दिवसांच्या अंतराने दोन डोस दिले, आधी टीबी आणि काविळीच्या टेस्ट करून. आता तोंड कोरडं आहे, म्हणजे जखम नाही, तिखट अजून जपूनच.

माझं मागणं एवढंच, जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे सरकारी मेडिकल कॉलेज आहेत, त्यांनी त्वचारोग ओपीडीचे वार आणि ही इम्युनोफ्लुरोसन्स टेस्ट कुठे होते ते आरोग्य केंद्रांत बोर्डावर लावावं, आणि तोंडातली जखम तीन आठवड्यांत भरली नाही तर पुढे पाठवा, हे आशाताईंना नि दाताच्या डॉक्टरांनाही सांगून ठेवावं.

आपला,
एक वाचक, यावल तालुका