‘ळ’ शिकलेल्या डब्लिनच्या आजीस

प्रिय शेजारच्या आजी,

सप्रेम नमस्कार. पत्र मराठीत लिहितेय, माझं मन मराठीतच नीट उतरतं. लेक तुम्हाला अर्थ सांगेल.

तिच्या नावात ‘ळ’ आहे. शाळेनं पहिल्याच आठवड्यात त्या नावाचे दोन तुकडे केले आणि एक तिला चिकटवला. मी दोनदा जाऊन सांगितलं. “फार अवघड आहे हो,” म्हणून हसून वाटेला लावलं. तीन महिने लेक घरी येऊन गप्प बसायची. तो राग अजून उतरलेला नाही.

तुम्ही तिला स्वयंपाकघरात समोर बसवून विचारलंत, “जीभ कुठे लावतेस? दाखव बघू.” मग चहा पार गार होईस्तोवर ळ, ळ करत राहिलात. जमलं तेव्हा तिनं टाळी वाजवली. ती टाळी माझ्या कानांतून जात नाही.

मी विचारलं, एवढा खटाटोप कशाला? तेव्हा तुम्ही आयर्लंडची विनोदी नटी मॉरीन पॉटर हिचं सांगितलंत. १९२५ मध्ये इथेच डब्लिनमध्ये जन्मलेली. शाळकरी वयात जॅक हिल्टनच्या वाद्यवृंदाबरोबर जर्मनीत हिटलरसमोर नाचली, महायुद्ध पेटल्यावर मायदेशी आली. विनोदी नट जिमी ओ'डीबरोबर तिची जोडी जमली, ती १९६५ मध्ये तो वारला तोवर टिकली. पुढेही गेइटी थिएटर ती हसवतच राहिली. १९८४ मध्ये शहरानं तिला ‘फ्रीडम ऑफ डब्लिन’ हा मान दिला.

हे सगळं तुम्ही भराभर सांगितलंत. आवाज हलला तो पुढे. नाताळातला पँटोमाइम (आपला मूकाभिनय नव्हे, गाण्यांचा आणि आरडाओरड्याचा खेळ) संपला की ती समोर बसलेल्या मुलांची नावं तोंडपाठ म्हणायची. दिवसभर नाचून, गाऊन, दमूनसुद्धा. एका वर्षी त्यांत तुमचं नाव होतं. तुम्ही तेव्हा सहा वर्षांच्या होतात. “सगळ्या डब्लिनला मी माहीत झाले असं वाटलं,” म्हणालात.

केवढी मोठी नटी, आणि पोरांची नावं पाठ करत बसायची! असं वागणारी माणसं अजून आहेत, हे मला तुमच्या त्या टेबलाशी कळलं.

गेइटीबाहेर फुटपाथवर तिच्या हातांचे ब्राँझचे ठसे आहेत ना, परवा लेकीनं त्यांवर तळवे टेकवले आणि आपलं नाव मोठ्यांदा सांगितलं. पूर्ण, ‘ळ’सकट.

शनिवारी पुरणपोळ्या करतेय. ‘पोळी’तही ‘ळ’ आहे, याच.

तुमची,
वरच्या मजल्यावरची