आरोग्यमंत्री साहेब, बेडसोअर पंधरा दिवसांत भरत नाही

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
स. न. वि. वि.

माझ्या सासूबाई 74 वर्षांच्या, लकवा मारल्यापासून आठ महिने अंथरुणात, आणि माकडहाडावर बेडसोअर, म्हणजे पडून पडून झालेली जखम, माझी मूठ आत जाईल एवढी. गेल्या महिन्यात आमच्याकडच्या शिबिरात माईकवरून सांगितलं की अशा पेशंटकडे सिस्टर घरी येईल. काल आरोग्य केंद्रातून फोन आला, ड्रेसिंगला पेशंटला इकडे घेऊन या. जिला कुशीवर वळवायला दोन माणसं लागतात तिला रिक्षात कशी बसवायची, त्याचा पण एक जीआर काढा.

दवाखान्यात कार्डावर सगळं फुकट झालं, खोटं कशाला बोलू. पण घरी आणलं की तुमचं कार्ड संपतं. आयुष्मानमध्ये डिस्चार्जनंतर 15 दिवसांपर्यंतचा खर्च धरतात, ही जखम मात्र महिनोन्‌महिने चालते. ड्रेसिंगवाला ब्रदर दिवसाआड 300 घेतो म्हणजे महिन्याला 4500, गॉज सलाईन जेल टेप मिळून 2800, डायपर 2700, झाले की 10,000, अंडी आणि प्रोटीन पावडर वेगळंच. सासूबाईंना म्हाताऱ्यांसाठीच्या वयोश्री योजनेचे 3000 मिळाले, एकदाच, नऊ दिवस पुरले. लाडक्या बहिणीचे 1500 डायपरलाच जातात, त्याचे तुम्ही 2100 करणार होतात ना?

हवेची गादी घेतली, तिचा पंप लाईटवर चालतो. रात्री त्याची घरघर थांबली की मी दचकून उठते, लाईट गेली, गादी बसली, आता हाताने उचलून कूस बदला. तशी पण दर दोन तासांनी बदलावीच लागते. मी ब्लाऊज शिवायचे, महिन्याचे सहा-सात हजार सुटायचे, आता मशीनवर गॉजची पाकिटं आणि डायपरचे गठ्ठे आहेत. हे माझे बुडालेले पैसे तुमच्या कुठल्या बजेटात धरलेत? सून आहे ना घरात, फुकटची नर्स!

केरळात 2008 पासून अशा पेशंटसाठी सरकारची पॉलिसी आहे, पंचायतीच्या नर्स अंथरुणावरच्या पेशंटच्या घरी जातात. आपल्याकडे होर्डिंग घरोघरी येतं. जखम हाडापर्यंत गेली की ऑपरेशनला सरकार पैसे द्यायला तयार, हाडापर्यंत जाऊ नये म्हणून 300 ची पट्टी नाही, हे डोकं कुणाचं हो?

सिस्टर पाठवताय की नाही तेवढं कळवा. पुढचं ड्रेसिंग सोमवारी आहे.

एक सून
(तुमची लाडकी बहीण पण मीच)