युरोपातल्या नगरपालिकेचे मत: हक्क आहे, यादीत नाव नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

युरोपातल्या निवडणुकांच्या बातम्या आपल्या वृत्तपत्रात नियमित येतात. पंतप्रधान कोण झाला, उजवे पक्ष किती वाढले, स्थलांतरितांविरुद्ध कोण काय बोलले, हे वाचायला मिळते. पण तिथे राहणाऱ्या मराठी कुटुंबाचा महिन्याचा खर्च आणि रोजची सोय-गैरसोय बरीचशी ठरते ती गावच्या कौन्सिलमध्ये. आणि नेमक्या याच पातळीवर बऱ्याच देशांत भारतीय पासपोर्टवर मत देता येते. ही गोष्ट छापून येत नाही, म्हणून हे पत्र जरा तपशिलात लिहीत आहे. ज्यांची मुले तिकडे आहेत त्यांनी कात्रण पाठवावे.

आधी ब्रिटन, कारण तिथला हक्क सर्वांत मोठा. भारत राष्ट्रकुलात आहे, त्यामुळे वैध व्हिसावर राहणाऱ्या १८ वर्षांवरील भारतीयाला, अगदी विद्यार्थ्यालाही, कौन्सिलच्या आणि संसदेच्याही निवडणुकीत मत आहे. नागरिकत्व लागत नाही, किती वर्षे राहिलात हेही कोणी विचारत नाही. गंमत म्हणजे पोर्तुगीज पासपोर्ट घेऊन इंग्लंडमधल्या स्विंडनला गेलेल्या गोवेकराला कौन्सिलसाठी मत मिळते, संसदेसाठी नाही. थोरल्या भावाकडे पोर्तुगीज आणि धाकट्याकडे भारतीय पासपोर्ट असेल, तर मतदानात धाकट्याचा हक्क मोठा.

पण कौन्सिल टॅक्स, म्हणजे तिथली घरपट्टी, भरता म्हणून नाव आपोआप मतदारयादीत जात नाही. सरकारी संकेतस्थळावर नाव, पत्ता, जन्मतारीख, राष्ट्रीयत्व आणि नॅशनल इन्शुरन्स क्रमांक भरून नोंदणी करावी लागते. पाचेक मिनिटांचे काम आहे. मुदत मतदानाआधी १२ कामकाजाचे दिवस. स्थानिक निवडणुका बहुधा मेच्या पहिल्या गुरुवारी असतात आणि मध्ये ईस्टरच्या सुट्ट्या येऊ शकतात, त्यामुळे मुदत एप्रिलच्या मध्यालाच संपते. नोंदणी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात उरकलेली बरी. घर बदलले की पुन्हा नोंदणी करायची. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांची नावे इथेच गळतात. या यादीचा आणखी एक उपयोग आहे. कर्ज देणाऱ्या संस्था पत्ता पडताळायला ती पाहतात, त्यामुळे नाव असले की मोबाइलचा करार किंवा गृहकर्ज मिळणे सोपे जाते.

मे २०२३ पासून इंग्लंडमध्ये मतदान केंद्रावर छायाचित्र असलेले ओळखपत्र दाखवावे लागते. भारतीय पासपोर्ट चालतो, मुदत संपलेला असला तरी, फक्त चेहरा ओळखू आला पाहिजे. मोबाइलमधला फोटो किंवा झेरॉक्स मात्र चालत नाही. आपल्या बायकांची अडचण वेगळीच असते. पासपोर्टवर माहेरचे नाव आणि यादीत सासरचे असेल, तर विवाहाचा दाखला बरोबर न्यावा. टपाली मतदानाचा अर्ज करताना जी सही केली तीच मतपत्रिकेसोबतच्या पत्रकावर हवी. अर्जावर इंग्रजीत आणि पत्रकावर मराठीत सही झाली तर मत बाद ठरू शकते. जन्मतारखेच्या रकान्यात घाईघाईने त्या दिवसाची तारीख लिहिली, तरी तेच. आणखी एक फरक: पुण्यात चार सदस्यांच्या प्रभागात अ, ब, क, ड अशा जागांसाठी वेगवेगळे बटण दाबतात, इंग्लंडमध्ये तीन जागांच्या प्रभागात एकाच मतपत्रिकेवर जास्तीत जास्त तीन फुल्या मारायच्या असतात. चौथी मारली की सगळे मत बाद.

हे सगळे कशासाठी? बर्मिंगहॅम पाहा. समान वेतनाच्या दाव्यांची थकलेली देणी आणि फसलेली संगणकप्रणाली यांमुळे तिथल्या कौन्सिलने सप्टेंबर २०२३ मध्ये खर्च गोठवल्याची कायदेशीर नोटीस काढली. एरवी मोठ्या कौन्सिलला सार्वमत न घेता कर पाच टक्क्यांहून कमीच वाढवता येतो. बर्मिंगहॅमने सरकारच्या विशेष परवानगीने २०२४ मध्ये तो जवळजवळ दहा टक्के वाढवला. पुढे मार्च २०२५ मध्ये कचरा कामगार बेमुदत संपावर गेले आणि रस्त्यांवर पिशव्यांचे ढीग साचले. लंडनमधल्या संसदेत कोणाचे बहुमत आहे याने त्या घरांपुढचा कचरा उचलला जात नव्हता. कामगारांशी बोलणी करणारी कौन्सिलच होती, आणि ती त्याच शहराने निवडलेली होती.

आयर्लंडचा नियम सर्वांत उदार आहे. तिथे राहणाऱ्या कोणत्याही देशाच्या प्रौढ नागरिकाला स्थानिक निवडणुकीत मत देता येते आणि उभेही राहता येते. मागची निवडणूक ७ जून २०२४ ला झाली. ३१ स्थानिक संस्था, ९४९ जागा. पद्धत पसंतीक्रमाची आहे. आपल्याकडे विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघात जसे १, २, ३ लिहितो तसेच, फक्त इथे एका भागातून अनेक जण निवडून येतात. समजा सात जागा आणि १६,००० वैध मते. जागांमध्ये एक मिळवून भागायचे, १६,००० भागिले ८ म्हणजे २,०००, त्यात एक मिळवला की कोटा, म्हणजे निवडून यायला लागणारी मते, २,००१. आपल्या उमेदवाराला पहिल्या फेरीत ९०० मते पडली तरी तो संपलेला नसतो. दुसऱ्या-तिसऱ्या पसंतीची मते येत राहतात. म्हणून एकट्या ‘आपल्या माणसाला’ १ लिहून मतपत्रिका पेटीत टाकणे ही मोठी चूक. तो बाद झाला की तुमचे मतही तिथेच थांबते. पुढचे आकडे लिहावेत, आणि दोन नावांपुढे १ लिहू नये.

नेदरलँड्समध्ये पाच वर्षे सलग वैध वास्तव्य झाले की नगरपालिकेचे मत मिळते. हा हक्क १९८६ च्या निवडणुकीपासून आहे. इथे नोंदणीचा अर्ज नाही. नगरपालिकेच्या नोंदवहीत जो पत्ता असेल तिथे मतदानाची चिठ्ठी, म्हणजे ‘स्टेमपास’, टपालाने येते. पत्ता जुना राहिला तर चिठ्ठी जुन्या घरी जाते. चिठ्ठी हरवली तर नगरपालिकेकडे बदली चिठ्ठी मागता येते, पण मुदतीच्या आत. मतदानाच्या दिवशी केंद्रावर ती मिळत नाही. व्हिसाच्या मुदतवाढीला उशीर झाला आणि मध्ये खंड पडला तर पाच वर्षांची मोजणी अडते. मुदतवाढीचा अर्ज वेळेत करण्याचे हे आणखी एक कारण.

तिथल्या मतदानाचा एक तपशील मला महत्त्वाचा वाटतो. मत पक्षाच्या यादीतल्या एका नावापुढचे वर्तुळ लाल पेन्सिलीने रंगवून देतात. बहुतेक लोक पहिलेच नाव रंगवतात. पण १९ किंवा अधिक जागांच्या नगरपालिकेत एखाद्या उमेदवाराला कोट्याच्या (इथे एकूण मते भागिले जागा) २५ टक्के वैयक्तिक मते पडली, तर तो यादीत कितीही खाली असला तरी पक्षाच्या वाट्याच्या जागांमध्ये वर येतो. ३७ जागा आणि ३७,००० मते धरली तर कोटा १,००० आणि लागणारी मते फक्त २५०. ॲम्स्टेलवीनसारख्या गावात, जिथे भारतीय कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात, २५० हा आकडा अवघड नाही. शाळांच्या जागा, खेळाची मैदाने, नव्या इमारतींतली भाड्याची घरे यांविषयी सभागृहात बोलणारा माणूस एवढ्या मतांत पाठवता येतो.

स्वीडनमध्ये तीन वर्षे नोंदणीकृत वास्तव्य झाले की नगरपालिका आणि प्रादेशिक परिषद या दोन्हींसाठी मत मिळते, हे १९७६ पासून. संसदेची मतपत्रिका पिवळी, प्रदेशाची निळी, नगरपालिकेची पांढरी. आपल्या लोकांसाठी निळी आणि पांढरी. तिथे पगारातून कापला जाणारा बहुतेक आयकर याच दोन संस्थांचा असतो. देशाची सरासरी ३२ टक्क्यांच्या आसपास, आणि सर्वांत स्वस्त व सर्वांत महाग गावांत सहा टक्क्यांहून जास्त फरक. महिना ४०,००० क्रोनर करपात्र उत्पन्नावर हा फरक २,४०० क्रोनरच्या वर जातो. दवाखाने आणि रुग्णालये प्रदेशाकडे, पाळणाघरे आणि शाळा नगरपालिकेकडे. भारतीय अभियंत्यांच्या गप्पांत केंद्राच्या कराची तक्रार ऐकू येते, पण तो कर ठराविक मर्यादेवरच्या उत्पन्नालाच लागतो.

बेल्जियममध्ये पाच वर्षांची अट आहेच, शिवाय स्वतः नगरपालिकेत अर्ज करावा लागतो आणि तिथली राज्यघटना व कायदे पाळण्याच्या निवेदनावर सही करावी लागते. २०२४ च्या ऑक्टोबरमधल्या निवडणुकीसाठी अर्जाची मुदत ३१ जुलैलाच संपली होती. वालोनिया आणि ब्रसेल्स या प्रांतांत एकदा नाव नोंदवले की मतदान सक्तीचे. फ्लँडर्स प्रांताने स्थानिक निवडणुकीतली सक्ती २०२४ पासून काढली. लक्झेंबर्गने २०२३ च्या निवडणुकीआधी वास्तव्याच्या वर्षांची अट रद्द केली. फिनलंडमध्ये दोन वर्षे, नॉर्वेत तीन, डेन्मार्कमध्ये चार.

जर्मनीत मात्र दार बंद आहे. श्लेस्विग-होल्स्टाइन आणि हॅम्बुर्ग या राज्यांनी १९८९ मध्ये परदेशी रहिवाशांना स्थानिक मत देणारे कायदे केले होते. केंद्रीय घटना न्यायालयाने ३१ ऑक्टोबर १९९० ला ते रद्द केले. नंतर राज्यघटना बदलली ती फक्त युरोपीय संघाच्या नागरिकांसाठी. म्हणून बर्लिनमध्ये पाळणाघर मोफत आणि दुसऱ्या शहरात त्याच वयाच्या मुलासाठी शेकडो युरो, असा फरक तिथल्या मराठी आईबापांना नुसता सोसावा लागतो. बऱ्याच शहरांत परदेशी रहिवाशांची निवडून दिलेली सल्लागार समिती असते. तिला निर्णयाचा अधिकार नाही, तरी तिच्या निवडणुकीत मत जरूर द्यावे, कारण शहराच्या सभागृहापुढे अधिकृतपणे म्हणणे मांडण्याची परदेशी रहिवाशांची तेवढीच जागा आहे. फ्रान्स आणि इटलीतही युरोपीय संघाबाहेरच्या देशांच्या नागरिकांना स्थानिक मत नाही.

एक भीती वारंवार कानावर येते: तिकडे मत दिले तर भारतीय नागरिकत्व जाईल का? नाही. आपल्या कायद्याने नागरिकत्व जाते ते दुसऱ्या देशाचे नागरिकत्व स्वेच्छेने घेतल्यावर. रहिवासी म्हणून स्थानिक निवडणुकीत मत देणे ही वेगळी बाब आहे.

संपादक महाशय, विनंती एवढीच. युरोपातल्या एखाद्या देशात स्थानिक निवडणुका लागतील तेव्हा बातमीशेजारी चार ओळींची चौकट द्यावी: भारतीयांना मत आहे का, किती वर्षांची अट, नोंदणीची शेवटची तारीख, कोणते कागद. ब्रिटनसाठी ती चौकट मार्चच्या शेवटच्या आठवड्यात यावी. एप्रिलच्या अखेरीस छापली तर उपयोग नाही.

आपला,
एक वाचक