पेशी जिवंत असतानाच तपासल्या पाहिजेत : वैद्यकीय शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्री महोदय,
स.न.वि.वि.

गडचिरोली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो. मागणी एकच आहे. रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतू गिळतात की नाही, हे तपासायची सोय आमच्या जिल्ह्यातच करा.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या लेकरांना जंतुसंसर्ग लवकर गाठतो, कारण रक्त गाळणारी पानथरी निकामी होत जाते. पण पुस्तकांतलं हे चित्र बहुतांशी आफ्रिकी वंशाच्या रुग्णांवरून आलेलं आहे. विदर्भातल्या सिकलसेलची जनुकीय घडण निराळी. गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन इथे जास्त टिकतं, आणि वाढलेली पानथरी पुष्कळ मुलांत मोठ्या वयापर्यंत हाताला लागते. मग आपल्या मुलांच्या पेशी कितपत लढतात, हे आपणच पाहायला नको का?

पाहण्याची रीत फार सुंदर आहे. मेलेल्या जंतूंना एक फ्लुरोसन्ट, म्हणजे उजेड पडला की चमकणारा, रंग जोडतात. रक्तात तो जवळजवळ विझलेला असतो. पेशीनं जंतू आत घेतला की तिथली आम्लता वाढते, सामू पाचच्या आसपास उतरतो आणि रंग उजळतो. बाहेर नुसता चिकटलेला जंतू मंदच राहतो. जोडीला त्याच रक्ताचा एक भाग बर्फात ठेवायचा. थंडीत गिळणं थांबतं, त्यामुळे तुलना करता येते.

मात्र त्यासाठी पेशी जिवंत हव्यात. रक्त गोठू नये म्हणून नेहमी वापरतात ती ईडीटीएची नळी गिळण्याला लागणारं कॅल्शियम बांधून टाकते, म्हणून हेपारिन या दुसऱ्या गोठणरोधकाची लागते. न्यूट्रोफिल या जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी तर काही तासांतच मंदावतात. रात्रभर प्रवास करून मुंबई-पुण्याला पोचलेल्या नमुन्यात मोजायचं काय?

क्षयरोगाच्या तपासणीमुळे एलईडी फ्लुरोसन्स सूक्ष्मदर्शक ग्रामीण भागातही आले. ऑरामीन या रंगानं पिवळे चमकणारे क्षयाचे जंतू ओळखणारे तंत्रज्ञ आपल्याकडे आहेत. उणीव आहे ती योग्य फिल्टरची, उणे वीस अंशांच्या फ्रीजरची आणि वीज गेल्यावर तो चालवणाऱ्या सौर बॅटरीची. हे रंग उष्णतेनं, उजेडानं बिघडतात आणि आमचा मे महिना आपणांस ठाऊक आहे. हजारो पेशी झटपट मोजणारं फ्लो सायटोमीटर जिल्ह्याला एक पुरे.

१ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं. त्यातल्या तपासणीनं रुग्ण आणि वाहक सापडतात, हे मोठंच काम आहे. पण सापडलेल्या मुलाला पुढच्या तापात किती धोका आहे, हे ती तपासणी सांगत नाही.

गडचिरोलीच्या नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात ही प्रयोगशाळा येत्या अर्थसंकल्पात मंजूर करावी आणि तंत्रज्ञाची कायम जागाही त्यासोबतच भरावी, ही कळकळीची विनंती.

आपला,
सूक्ष्मजीवशास्त्राचा एक शिक्षक,
जिल्हा गडचिरोली