राफ्टिंग पार्कआधी पाण्याचे बोला

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कोलाडला परदेशातल्यासारखा 'व्हाइटवॉटर पार्क' करावा, कुंडलिका नदीत काँक्रीटच्या पायऱ्या टाकून वर्षभर फेसाळते पाणी मिळवावे, अशी चर्चा हल्ली आमच्याकडे चहाच्या टपरीवरही ऐकू येते. पाटबंधारे खात्यात उभी हयात गेल्यामुळे थोडे लिहावेसे वाटले.

सकाळी साडेआठच्या आत नदीकाठी येऊन पाहा. पात्रात नुसते गोटे. मधल्या डोहात कुणी कपडे धूत असते, काठावर राफ्ट म्हणजे रबरी होड्या पालथ्या पडलेल्या असतात आणि गाइड पोरांची नजर असते एका काळ्या खडकावर. खडकावरचा पांढरा पट्टा भिजला की "आलं रे!" अशी हाळी उठते. बघता बघता खडक दिसेनासा होतो आणि शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावे लागते. हे पाणी पावसाचे नव्हे. मुळशी धरणातून घाट उतरून ते भिऱ्याच्या वीजगृहात येते, टर्बाइन फिरवते आणि मग आमच्या वाट्याला येते. म्हणजे राफ्टिंग चालते ते विजेच्या उष्ट्यावर! वीज कधी आणि किती करायची हे ठरते दुसरीकडेच. गेल्या उन्हाळ्यात माझ्या भाच्याकडे आलेले पुण्याचे चाळीस पाहुणे हेल्मेट घालून अकरा वाजेपर्यंत त्या खडकाकडे बघत बसले. पाणी आलेच नाही. आदल्या दिवशी कुणी कळवलेही नव्हते. पैसे परत करावे लागले, ते वेगळेच.

पार्कचा आराखडा पाण्याच्या आकड्यावरून निघतो, हे चर्चेत कुणी बोलत नाही. हजार क्युसेकसाठी (सेकंदाला हजार घनफूट पाणी) रचलेली लाट तीनशे क्युसेकला नुसती खळखळते आणि चार हजारांना बुडून सपाट होते. त्यातही आपला हात बसलाय तो सरळ उभ्या भिंतीच्या बंधाऱ्यावर. असल्या भिंतीवरून पडणारे पाणी पायथ्याशी उलटे फिरते आणि माणसाला पुन्हा पुन्हा भिंतीकडेच ओढते. वरून दिसायला मोठे शांत, पण त्यात अडकलेला पट्टीचा पोहणाराही सुटत नाही. म्हणून राफ्टिंगची पायरी उतरती करतात, मध्ये खोलगट वाट ठेवतात, खाली दम खायला डोह सोडतात आणि कडेने माशांना वर चढायला जागा ठेवतात. हे सगळे होईल, पण पाणी किती आणि कधी ते आधी सांगा.

अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात गोल्डन नावाचे छोटे शहर आहे. तिथल्या नगरपालिकेने क्लिअर क्रीकमध्ये असा पार्क केला आणि नुसते दगड रचून न थांबता पाण्यावर हक्क मागितला. राज्य सरकार विरोधात गेले. प्रकरण त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचले, 2003 मध्ये न्यायमूर्ती तीन विरुद्ध तीन असे विभागले गेले आणि खालच्या न्यायालयाने शहराला दिलेला हक्क कायम राहिला. मधल्या काळात, 2001 मध्ये, विधिमंडळाने अशा हक्कांसाठी कायदाही केला. गंमत अशी की या हक्कामुळे जुन्या शेतकऱ्याचे थेंबभरही पाणी जात नाही. हा हक्क रांगेत जुन्या हक्कांच्या मागे उभा राहतो. नंतर येणाऱ्याने वरच्या वर पाणी पळवू नये, एवढेच तो बघतो.

दुसरे उदाहरण वेस्ट व्हर्जिनियातल्या गॉली नदीचे. तिथल्या समर्सव्हिल धरणाची पातळी हिवाळ्याआधी तसेही खाली आणायची असते. 1986 मध्ये अमेरिकी काँग्रेसने कायदा करून राफ्टिंगसाठी पाणी सोडणे हे धरणाच्या कामांतच धरले. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ठरलेल्या दिवशी, साधारण 2800 क्युसेक. तारखा आधीच जाहीर, त्यामुळे लोक सुट्ट्या त्या बेताने काढतात. जे पाणी सोडायचेच होते, त्याला फक्त वेळापत्रक मिळाले.

आमचेही तसेच आहे. राफ्ट पाणी पीत नाही. तेच पाणी पुढे डोलवहाळच्या बंधाऱ्यावर जाते, तिथून शेताला. मग उद्या किती वाजता किती क्युसेक सुटणार, हे आदल्या संध्याकाळी जाहीर करायला काय हरकत आहे? पुलाच्या खांबावर रंगवलेली मोजपट्टी असावी. एवढ्याला पार्कइतका निधी लागत नाही. खेळासाठी नसले तरी डोहात कपडे धुणाऱ्या बाईसाठी ते आजच व्हायला हवे.

आणि एक. मुळशीचे पाणी पूर्वेला वळवा, ही मागणी पुण्याकडून अधूनमधून होत असते. ज्यांची गावे त्या धरणात गेली, ज्यांच्यासाठी 1921 मध्ये मुळशी सत्याग्रह झाला, त्यांच्या खोऱ्याने पाणी मागितले तर आम्ही कोणत्या तोंडाने नाही म्हणायचे? पण तो निर्णय होईल त्या दिवशी कुंडलिकाकाठच्या शेतीची, उद्योगांची बाजू मांडायला कुणीतरी असेल. राफ्टिंगवर जगणाऱ्या पोरांची मात्र कुठल्याच कागदावर नोंद नाही. पार्कचे भूमिपूजन करण्याआधी ही नोंद कुठल्या खात्यात आणि कुणी करायची, याचे उत्तर पालकमंत्र्यांनी द्यावे.

आपला,
एक निवृत्त शाखा अभियंता,
रोहा, जि. रायगड