पिवळा त्रिकोण म्हणजे पार्ट गेला असे नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि तेव्हापासून ठाणे-नवी मुंबईतल्या दुरुस्तीच्या काउंटरवर ‘फॉरमॅट मारा, अकरा टाकून द्या’ ही मागणी वाढली. फॉरमॅट तासाभरात उरकतो. घरी नेऊन सुरू केल्यावर मात्र आवाज बंद, वायफायचे चिन्ह गायब, स्क्रीनवरची अक्षरे ढबू पैशाएवढी. ग्राहक परत दुकानात जातो आणि ‘साउंड कार्ड गेलंय’, ‘वायफाय कार्ड बदलावं लागेल’, क्वचित थेट ‘मदरबोर्ड’ असा निकाल ऐकून येतो. फॉरमॅटच्या आदल्या दिवसापर्यंत चालणारे कार्ड फॉरमॅटनंतर लगेच मरत नाही. बहुतेक वेळा फक्त त्याचा ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड विंडोजला चालवता यावे म्हणून लागणारे छोटे सॉफ्टवेअर, पुसला गेलेला असतो. म्हणून नौपाड्यातल्या गोखले रोडपासून वाशीच्या सेक्टर १७ पर्यंतच्या दुकानदारांना एक सुचवावेसे वाटते: कोणताही पार्ट बदलण्याआधी डिव्हाइस मॅनेजरमधला (विंडोजमधल्या उपकरणांच्या यादीतला) कोड आणि हार्डवेअर आयडी, म्हणजे उपकरणाचा ओळख क्रमांक, बिलावर लिहा. ग्राहकांनीही तो मागावा, आणि मागण्याआधी घरी स्वतः पाहावा.

विंडोजचे बटण दाबून धरून एक्स दाबले की जी यादी उघडते त्यात डिव्हाइस मॅनेजर आहे. ज्याचा ड्रायव्हर नाही ते उपकरण ‘अदर डिव्हायसेस’ या गटात पिवळा त्रिकोण लावून बसलेले असते. त्यावर दोनदा क्लिक केले की ‘डिव्हाइस स्टेटस’च्या चौकटीत कोड दिसतो. २८ म्हणजे ड्रायव्हर टाकलेलाच नाही. हा सर्वांत निरुपद्रवी, आणि नेमक्या याच कोडवर सर्वाधिक कार्डे विनाकारण बदलली जातात. २२ म्हणजे कोणीतरी ते उपकरण बंद करून ठेवले आहे, राइट क्लिक करून एनेबल केले की झाले. १० म्हणजे ड्रायव्हर आहे पण उपकरण सुरू होत नाही. ४३ म्हणजे उपकरणाने स्वतःच बिघाड कळवला आहे, तिथे हार्डवेअरवर संशय घ्यायला जागा आहे. आणि उपकरण यादीत कुठेच दिसत नसेल, तर इंटरनेटवरचा कोणताही ड्रायव्हर उपयोगाचा नाही. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) ते बंद आहे का, केबल किंवा कार्ड सैल आहे का, हे आधी पाहायचे.

स्क्रीनच्या बाबतीत एक फसगत होते. ग्राफिक्सचा ड्रायव्हर नसला तरी त्रिकोण येईलच असे नाही, कारण विंडोज स्वतःचा ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडॉप्टर’ लावून वेळ मारून नेते. डिस्प्ले ॲडॉप्टर्समध्ये हे नाव दिसले की खरा ड्रायव्हर गैरहजर आहे असे समजावे.

‘अदर डिव्हायसेस’मधली नावेही दिशाभूल करतात. ‘नेटवर्क कंट्रोलर’ म्हणजे बहुधा वायफाय, तर ‘इथरनेट कंट्रोलर’ म्हणजे केबलवाला लॅन. ‘पीसीआय सिंपल कम्युनिकेशन्स कंट्रोलर’ वाचून कित्येकजण मोडेमचा ड्रायव्हर शोधत बसतात. इंटेलच्या मशीनवर ते बहुधा मॅनेजमेंट इंजिन असते आणि त्याचा ड्रायव्हर कंपनीच्या साइटवर सहसा चिपसेटच्या (मदरबोर्डवरच्या मुख्य चिपच्या) विभागात मिळतो. ‘बेस सिस्टिम डिव्हाइस’ हा बऱ्याचदा लॅपटॉपच्या कडेचा कार्ड रीडर निघतो. म्हणून नावावर जाऊ नये, आयडीवर जावे.

आयडी मिळतो तो त्याच खिडकीच्या ‘डिटेल्स’ टॅबमध्ये. ‘प्रॉपर्टी’च्या यादीतून ‘हार्डवेअर आयडीज’ निवडायचे. सुरुवातीला ‘पीसीआय’, मग ‘व्हीईएन’ आणि चार अक्षरे, मग ‘डीईव्ही’ आणि चार अक्षरे, पुढे ‘सबसिस’ आणि आठ. घोडबंदर रोडवरच्या एखाद्या संकुलाच्या पत्त्यासारखे हे वाचावे: व्हीईएन (चिप बनवणारी कंपनी) म्हणजे सोसायटी, डीईव्ही (नेमकी कोणती चिप) म्हणजे फ्लॅट नंबर, सबसिस म्हणजे सध्या तिथे राहणाऱ्याची पाटी, अर्थात ती चिप कोणत्या कंपनीच्या लॅपटॉपवर किंवा बोर्डवर बसली आहे ते. व्हीईएन ८०८६ हा इंटेल, १०ईसी हा रिअलटेक, १०डीई एनव्हिडिया, १००२ एएमडी. १०ईसी आणि सी८२१ अशी जोडी आली तर ते रिअलटेकचे आरटीएल ८८२१सीई वायफाय कार्ड, मग लॅपटॉपच्या झाकणावर कोणाचेही नाव असो. यूएसबीच्या उपकरणांत व्हीईएनच्या जागी व्हीआयडी आणि डीईव्हीच्या जागी पीआयडी येतो. उतरवून घेताना चूक होते ती शून्याची: या आकड्यांत इंग्रजीतली ए ते एफ एवढीच अक्षरे येतात, त्यामुळे गोल दिसले की ते शून्यच, ‘ओ’ तिथे नसतोच. त्यापेक्षा ओळीवर राइट क्लिक करून कॉपी करावे.

यूएसबीच्या एका आयडीवर ड्रायव्हर शोधण्यात रात्र घालवू नये. व्हीआयडी चारही शून्ये आणि पीआयडी ०००२ असे आले, तर उपकरणाने आपली ओळखच सांगितलेली नाही. वर ‘डिव्हाइस डिस्क्रिप्टर रिक्वेस्ट फेल्ड’ असे लिहिलेले असते. केबल बदला, कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टाऐवजी मागच्या पोर्टात लावा, मधला हब काढा. तरीही तेच आले तर बहुधा उपकरण गेले.

ड्रायव्हर घ्यायचा तो लॅपटॉप बनवणाऱ्याच्या अधिकृत साइटवरून, तळाशी छापलेला मॉडेल किंवा सीरियल नंबर टाकून. असेंबल केलेल्या पीसीला असा नंबर नसतो; तिथे स्टार्टमध्ये ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ शोधून ‘बेसबोर्ड प्रॉडक्ट’ या ओळीतले मदरबोर्डचे नाव घ्यावे. जुन्या बोर्डासाठी विंडोज ११ चा ड्रायव्हर नसतो म्हणून हताश व्हायला नको, विंडोज १० चा ६४ बिटचा सहसा चालतो. ३२ बिटचा मात्र चालणार नाही, कारण विंडोज ११ ची ३२ बिट आवृत्ती निघालेलीच नाही. जुने स्कॅनर बाद होतात ते बहुधा यामुळे. क्रम चिपसेट, लॅन-वायफाय, ग्राफिक्स, आवाज असा ठेवावा. आवाजाच्या बाबतीत क्रम चुकवला तर महागात पडते: अलीकडच्या अनेक इंटेल लॅपटॉपवर ‘स्मार्ट साउंड टेक्नॉलॉजी’चा ड्रायव्हर आधी बसल्याशिवाय रिअलटेकचा ड्रायव्हर टाकूनही स्पीकर मुकाच राहतो आणि मग साउंड कार्डाच्या नावाने खडे फोडले जातात.

‘तुमचे ४० ड्रायव्हर जुने आहेत’ असे सांगून पैसे मागणाऱ्या ड्रायव्हर अपडेटर सॉफ्टवेअरच्या वाटेला जाऊ नये. चालणारा ड्रायव्हर जुना आहे एवढ्यासाठी बदलायचा नसतो. त्याआधी विंडोजमध्येच असलेली, पण फारसे कोणी न उघडलेली जागा पाहावी: सेटिंग्ज, विंडोज अपडेट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, ऑप्शनल अपडेट्स, ड्रायव्हर अपडेट्स. तिथले सगळे टिक करून एकदोन रीस्टार्ट केले की बरेचसे त्रिकोण जातात. रीस्टार्टच करायचे, शटडाउन नव्हे. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउनमध्ये विंडोजचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि पुढच्या वेळी तोच परत उचलला जातो. कोड १० चा वायफाय दहा वेळा बंद-चालू करूनही तसाच राहतो आणि एका रीस्टार्टला सुधारतो, त्याचे कारण हे.

पण इंटरनेटसाठीचाच ड्रायव्हर नसेल तर अपडेट यायचे कुठून? फोन डेटा केबलने जोडावा आणि त्याच्या हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करावे. बहुतेक अँड्रॉइड फोनसाठी लागणारा ड्रायव्हर विंडोजमध्ये आधीच असतो, त्यामुळे मशीनला वाटते लॅनची केबल लागली. आयफोनला त्याचा वेगळा ड्रायव्हर लागतो, म्हणून यासाठी शेजाऱ्याचा अँड्रॉइड मागून आणावा. केबल फक्त चार्जिंगची असेल तर टेदरिंगचे बटण दाबताच येत नाही. इथेच बहुतेकजण अडतात. विंडोज ११ पहिल्यांदा सुरू होताना ‘नेटवर्कला जोडा’ म्हणून अडून बसते, तिथेही हाच उपाय चालतो.

याहून महाग गैरसमज एसएसडीचा, म्हणजे विंडोज जिच्यावर असते त्या डिस्कचा. इंटेलच्या ११ व्या पिढीपासूनच्या अनेक लॅपटॉपवर विंडोज टाकताना डिस्कची यादी रिकामी येते आणि चांगल्या एसएसडीला मेलेली ठरवून नवी गळ्यात मारली जाते. खरे कारण व्हीएमडी नावाची व्यवस्था: डिस्क तिच्या मागे असते आणि इन्स्टॉलरकडे तिचा ड्रायव्हर नसतो. इंटेल रॅपिड स्टोरेज टेक्नॉलॉजीचा ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर घेऊन त्याच पानावरच्या ‘लोड ड्रायव्हर’मधून दाखवला की डिस्क दिसू लागते. फाइल झिप किंवा सेटअप स्वरूपात ठेवून चालत नाही, आतले आयएनएफ (ड्रायव्हरची माहिती सांगणारी फाइल) असलेले फोल्डर मोकळे करूनच ठेवावे लागते. बायोसमधून व्हीएमडी बंद करूनही डिस्क दिसते. पण आधीपासून विंडोज असलेल्या मशीनवर हा प्रयोग केला तर निळा पडदा येण्याचीच शक्यता जास्त.

हे सगळे टाळता येते. फॉरमॅटच्या आधी, मशीन अजून नीट चालू असताना, पेन ड्राइव्हवर एक रिकामे फोल्डर करावे, कमांड प्रॉम्प्ट ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने उघडावा आणि पीएनपीयूटिल ही आज्ञा द्यावी. फोनवर सांगावी तशी सांगतो: पी-एन-पी-यू-टी-आय-एल, एक जागा, उजवीकडे झुकलेली रेघ, तिला चिकटून ‘एक्स्पोर्ट’, आडवी छोटी रेघ, ‘ड्रायव्हर’, एक जागा, चांदणीचे चिन्ह, एक जागा, आणि शेवटी त्या फोल्डरचा पत्ता. विंडोजच्या स्वतःच्या सोडून बाकी सगळ्या कंपन्यांचे ड्रायव्हर पाचदहा मिनिटांत त्यात उतरतात. फोल्डर आधी केलेले नसेल तर आज्ञा चालत नाही. फॉरमॅटनंतर त्रिकोणावर राइट क्लिक, ‘अपडेट ड्रायव्हर’, ‘ब्राउझ माय कॉम्प्युटर’, तेच फोल्डर, आणि ‘इन्क्लूड सबफोल्डर्स’वर टिक. विसरले जाते ते हे शेवटचे टिक, आणि मग ‘बॅकअप खराब निघाला’ असे म्हटले जाते.

प्रिंटरबद्दल थोडक्यात. एचपी लेझरजेट १०२० सारख्या जुन्या प्रिंटरमध्ये त्याचे फर्मवेअर, म्हणजे त्याला आतून चालवणारे सॉफ्टवेअर, कायमचे नसते. प्रत्येक वेळी चालू केल्यावर ड्रायव्हरच ते पाठवतो. त्यामुळे ड्रायव्हर नसलेल्या मशीनला जोडला की दिवा लागतो पण कागद हलत नाही, आणि प्रिंटर बिघडल्यासारखा वाटतो. यूएसबी प्रिंटरचा सेटअप ‘आता केबल लावा’ म्हणेपर्यंत केबल लावूच नये.

तुर्भे-वाशीच्या एपीएमसीत (कृषी उत्पन्न बाजारात) इलेक्ट्रॉनिक वजनकाटा बिलिंगच्या पीसीला यूएसबी-सीरियल केबलने जोडलेला असतो. विंडोज बदलल्यावर त्या केबलच्या नावाच्या जागी ‘पीएल २३०३’ आणि ‘फेज्ड आउट सिन्स २०१२’ असे आले, तर काटा किंवा केबल टाकून देऊ नये. नवा ड्रायव्हर जुन्या किंवा नकली चिपला नाकारतो आहे. ‘अपडेट ड्रायव्हर’मधून ‘लेट मी पिक’ निवडावे आणि यादीत जुनी तारीख असलेला ड्रायव्हर घ्यावा. यादीत नसेल तर जुना ड्रायव्हर आधी टाकावा लागतो. केबल दुसऱ्या पोर्टात गेली की कॉम नंबरही (विंडोजने त्या जोडणीला दिलेला क्रमांक) बदलू शकतो. बिलिंग सॉफ्टवेअर कॉम ३ वर वाट पाहत बसते आणि काटा कॉम ५ वर वजन पाठवत राहतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘पोर्ट्स’, केबलचे प्रॉपर्टीज, ‘पोर्ट सेटिंग्ज’, ‘ॲडव्हान्स्ड’ इथून नंबर जुना करून द्यावा.

तेव्हा दुकानदारांकडे मागणी एवढीच की फॉरमॅटच्या आधी ड्रायव्हरचे फोल्डर काढून ते मशीनबरोबर परत द्यावे, पार्ट बदललाच तर जुना ग्राहकाच्या हाती ठेवावा, आणि बिलावर ‘वायफाय कार्ड बदलले’ याऐवजी असे लिहावे: ‘नेटवर्क कंट्रोलर, कोड २८, व्हीईएन ८०८६, डीईव्ही २४एफडी. इंटेल वायफाय ड्रायव्हर टाकला, रीस्टार्टनंतर कोड नाही.’

आपला,
संगणक दुरुस्ती करणारा एक वाचक,
नौपाडा, ठाणे (प.)